देव पाण्यात ठेवा, आणि टॉर्चही हातात घ्या

फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर उघड्या दारातून निसटलं की घरात दोन तट पडतात. एकजण गाडी काढून चार रस्ते पालथे घालतो. दुसरं कुणी म्हणतं, "मांजराची जात, भूक लागली की येईल आपली आपण." दोघांचंही चुकतं. असं मांजर चार रस्ते ओलांडत नाही आणि भुकेनं कासावीस झालं तरी कित्येक दिवस दारात येत नाही. पहिली जी फट सापडली तिच्यात ते अंग चोरून बसलेलं असतं, बहुतेकदा त्याच इमारतीत किंवा शेजारच्या आवारात.

हा दिलासा नुसता तोंडदेखला नाही. हरवलेल्या १२१० मांजरांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के ५०० मीटरच्या आत होती. बाहेर कधीच न जाणाऱ्यांचं अंतर तर बाहेर फिरणाऱ्यांपेक्षा कमीच भरलं. साधारण एक तृतीयांश मांजरं आठवड्याच्या आत मिळाली आणि वर्षभरात ६१ टक्के. माणसांनी स्वतः जागा धुंडाळल्या तिथे जिवंत सापडण्याची शक्यता वाढल्याचं दिसलं. म्हणून आशा ठेवायची ती जवळच्या जागांवर, आणि रोज रात्री तिथे जायचं.

या काळात सगळ्यात जास्त खचवते ती शांतता. हाका मारून घसा बसतो आणि उत्तर येत नाही. पण घाबरलेलं मांजर ओ देत नाही, ओळखीच्या आवाजालासुद्धा नाही. आवाज केला तर कुत्र्याला किंवा गल्लीतल्या बोक्याला पत्ता लागेल, हे त्याच्या अंगातच असतं. मालकाचा आवाज त्याला ओळखू येतो, तरीही ते गप्प राहतं. तेव्हा "हाक मारली, नव्हती तिथे" असं म्हणून एकही जागा यादीतून काढू नका. डोळ्यांनी पाहिलेली जागाच तपासलेली समजा.

शोधायची वेळ रात्री दोन ते चार. रहदारी थांबते, कुत्री बसलेली असतात. टॉर्च कमरेपाशी धरला तर काही दिसत नाही. तो कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि प्रकाश जमिनीलगत हळूहळू फिरवा. मांजराच्या डोळ्यांमागचा पडदा उजेड आला तिकडेच परत फेकतो. त्यामुळे गाडीखालच्या काळोखात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. निळ्या डोळ्यांच्या सयामीचे तांबूस दिसतात. गुडघ्यावर बसून, गाल फरशीला टेकेल इतकं वाकून बघा. उभ्यानं टाकलेल्या नजरेत यातलं काहीच येत नाही.

जागा म्हणजे जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, पंपाची खोली, डक्टचा तळ, गच्चीवरच्या टाकीमागचा कोपरा, छज्जा, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची सांधी, उभ्या गाड्यांचं इंजिन. शेजारचा बंद फ्लॅट विसरू नका. दुरुस्तीसाठी दार उघडं असताना मांजर आत शिरतं आणि संध्याकाळी कुलूप लागतं. सेक्रेटरींकडून मालकाचा नंबर मिळवा आणि दार उघडायलाच लावा. खिडकीतून पडल्याची शंका असेल तर त्या खिडकीच्या बरोबर खालून सुरुवात करा. जखमी मांजर लांब जाऊ शकत नाही.

माणसांत पहिले वॉचमन, मग कचरा नेणारे, दूधवाले, पेपर टाकणारे आणि गल्लीतल्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या काकू. पहाटेचं जग या मंडळींना माहीत असतं. पोस्टरवर पुढून आणि अंगाच्या बाजूनं असे दोन मोठे फोटो आणि लांबून वाचता येईल असा फोन नंबर एवढं पुरे. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, तोंड खाली ठेवून, नाहीतर पाणी साचून शाई पसरते. एक खूण मात्र छापू नका, समजा शेपटीच्या टोकाची गाठ. मांजर सापडल्याचा दावा करून आधी पैसे मागणारे फोन येतात. त्यांना ती खूण विचारा, व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि मांजर हातात येईपर्यंत दमडी देऊ नका.

दिसलं तर धावू नका. खाली बसा, अंग थोडं वळवून घ्या, नजर रोखू नका आणि घरी बोलता त्याच सुरात बोलत राहा. सुकटीचे दोन-चार दाणे पुढे टाका. झडप घातली आणि ते निसटलं, तर पुढचे कित्येक दिवस त्या जागी फिरकणार नाही.

जवळ येतच नसेल तर पिंजरा लावावा. मांजरांच्या नसबंदीचं काम करणाऱ्यांकडे पाय पडताच दार बंद होणारे पिंजरे असतात. तळाला वर्तमानपत्र अंथरा, जाळी पायाला लागली की मांजर मागे फिरतं. वरून घरातलीच न धुतलेली चादर टाका. भाजलेला बांगडा किंवा सुका जवळा, दोन चमचे, पाय पडायच्या पट्टीच्या पलीकडे. दारापासून तिथपर्यंत चिमूट-चिमूट माग. मुंग्या लागतातच, पण मुंग्यांचा खडू ओढू नका. त्यातलं औषध मांजराला बाधतं. त्याऐवजी खाणं थोडं ठेवा आणि दर वेळी बदला. अर्ध्या-पाऊण तासानं पिंजरा बघितलाच पाहिजे, आणि दुपारच्या उन्हात तो लावायचाच नाही. पहिल्या रात्री दुसरंच मांजर सापडेल. त्याला सोडा आणि पुन्हा लावा.

श्रद्धेबद्दल. हरवलेलं मिळावं म्हणून आपल्याकडे कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणतात. त्याचं स्मरण केलं की गेलेलं परत मिळतं, असा त्याचा भाव. वसईत, गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये संत अंतोनला साकडं घालतात. कुणी नवस बोलतं, कुणी देव पाण्यात ठेवतं. यातलं काही करू नका, असं आम्ही कधीच सांगणार नाही. रात्री तीनला जिन्याखाली वाकायचं बळ कुठून तरी यावं लागतं, आणि पुटपुटलेल्या श्लोकानं आवाज शांत राहतो, जो मांजराला रडवेल्या हाकेपेक्षा मानवतो. फक्त नवस बोलून घरी बसू नका. आणि "पूर्वेला पाण्याजवळ आहे" असं सांगून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा. तेवढ्या वेळात जिन्याखालची जागा बघायची राहते.

मांजर घरी आलं की पोटभर वाढू नका. एक-दोन चमचे ओलं खाणं दर तीन-चार तासांनी द्या आणि पाणी समोर ठेवा. काही दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साठते. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चावल्याच्या जखमा केसांखाली लपतात, बोटांनी चाचपून बघा. पकडताना तुम्हालाच चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखान्यात जा. घरातलं दुसरं मांजर फिस्कारलं तर घाबरू नका, वास बदललेला असतो. एकच टॉवेल दोघांच्या अंगावरून फिरवा आणि दोन-तीन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा.

नाही आलं, तर? नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मांजरं त्या अभ्यासात फार थोडी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत कुणी सोडून द्यायला सांगत असेल तर ऐकू नका. लपून बसलेलं मांजर बरेचदा आठ-दहा दिवसांनीच खाण्यापाशी यायचं धाडस करतं. तीन महिन्यांपर्यंत पोस्टर बदलत राहा. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक जिथे नोंदवलाय तिथे मांजर हरवल्याचं कळवा, आणि पोस्टरवरचा फोन नंबर बंद करू नका.