गाणी नाही ऐकत मी

माझ्या वायंडिंगच्या दुकानात पंपाची मोटार टाकायला आलेला माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या डोक्यामागून गेलेल्या काळ्या पट्ट्याकडे बघतो आणि हमखास विचारतो, "भाऊ, दिवसभर गाणी ऐकतोस का?" थोडा ओळखीचा असला तर पुढचा प्रश्नही तयार असतो. "कानाचा एवढा त्रास आहे तर सरळ मशीन का नाही लावत?" आणखी जवळचा असला तर पट्टा ओढून बघतो आणि म्हणतो, "अरे, हे तर कानात गेलेलंच नाही!"

नाहीच गेलेलं. जायला नकोच आहे ते कानात, हाडातून आवाज पोचवणारा हेडफोन आहे तो. चार वर्षं मी या प्रश्नांना "हो", "नाही", "बघू" अशी उत्तरं देत आलो. अर्ध्या वेळा प्रश्न नीट ऐकूच आलेला नसतो, म्हणून "हो". आता एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी मोबाइलवर पाठवून देता येईल.

उजवा कान लहानपणापासून वाहायचा. लसूण कडकडवलेलं तेल, कापसाचा बोळा, पावसाळाभर शाळेत वास. पडद्याला भोक पडलं. मोठेपणी जळगावला ऑपरेशन करून पडदा बसवला, तो टिकला नाही. डावा कान ठणठणीत होता, पण अकरा हंगाम कापसाच्या जिनिंगमध्ये काढले. ओळीनं चालणाऱ्या जिनांच्या मधून दिवसभर फिरायचं आणि कानात काही घालायचं नाही, कारण घालणारा माणूस नाजूक समजला जायचा. ते अकरा हंगाम डाव्या कानातून वळते झाले.

तपासणीच्या कागदावर उजव्या कानाच्या दोन रेषा आहेत. हवेतून येणारा आवाज पासष्ट डेसिबलच्या आसपास गेल्याशिवाय मला कळत नाही. हाडावर कंपक ठेवला की तोच आवाज पंचविसावर कळतो. म्हणजे आवाज जिथे पकडला जातो तो आतला शंख बरा आहे, दाराशी घोटाळा आहे. डाव्याचं उलट. दार उघडं आहे, पण चार हजार हर्ट्झच्या जागी रेषा विहिरीत उतरावी तशी खाली गेली आहे, आणि हाडाची रेषाही तिच्याबरोबरच खाली. तिथे मागच्या दारानं जाऊनही उपयोग नाही, कारण घरातच कोणी नाही. या भागातला आवाज गेला की स आणि श पहिले जातात. "साडेसात एचपी" मला "आडेआत" असं येतं. साठ फूट केबल की आठ फूट, हे मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून आणि बोअरच्या खोलीवरून ठरवतो.

तर मशीन. घेतलं होतं. कानाच्या मागे बसणारं, आत साचा जाणारं. एप्रिलमध्ये घेतलं हा पहिला मूर्खपणा. चोपड्यात एप्रिल-मेला पारा पंचेचाळिशीकडे सरकतो. साच्यामागे घाम आणि ओल राहिली, आणि तीन आठवड्यांत कान परत वाहायला लागला. डॉक्टरांनी साचा बंद करायला सांगितला. कवटीच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर यंत्र अडकवायचीही सोय आहे. स्वीडनमध्ये 1977 साली पहिल्या रुग्णांना तसं बसवलं. स्क्रूचं काम असल्यामुळे मला ते मनापासून पटलं. किंमत सांगितली, ती मात्र डाव्या कानानंही स्वच्छ ऐकली.

मग हा पट्टा. पळणारी मुलं लावतात तोच. कानासमोरच्या हाडावर दोन चकत्या टेकतात, थरथरतात, कानाचं भोक मोकळं राहतं, कोरडं राहतं. फोन त्यावर येतात. दुकानात फोनलाच माइक करतो : एक ॲप आहे, ते समोरचा आवाज मोठा करून पट्ट्यात टाकतं. हे श्रवणयंत्र नाही, हे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलंय, तुम्ही चौथ्यांदा सांगू नका. कागदावरची रेषा बघून ते स्वतःला जुळवून घेत नाही. आवाज थोडा उशिरा पोचतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, बिघडलेल्या टीव्हीसारखं. खूप वाढवलं की गालाला गुदगुल्या होतात. आणि "कानात नाही म्हणजे कानाला धोका नाही" असं पळणाऱ्या मुलांना वाटतं, ते खोटं आहे. आवाज शेवटी त्याच शंखात जातो.

खरं तर हाडानं ऐकायला मला या पट्ट्यानं शिकवलंच नाही. वायंडिंगचं काम शिकायला लागलो तेव्हा वस्तादांनी पहिल्याच महिन्यात पेचकस हातात दिला होता. टोक बेअरिंगच्या कव्हरवर, मूठ कानाजवळच्या हाडावर दाबायची. चांगली बेअरिंग एकसारखी गुणगुणते. खराब झालेली आत कुठेतरी खडा चावल्यासारखी करते. दुकानात पाच पोरं होती, सगळ्यांत आधी बेअरिंग मला कळायची. आजही कळते. गिऱ्हाईक म्हणतं, या भैऱ्याला कसं कळलं? त्यांना ती जादू वाटते आणि पट्टा मात्र फॅशन. वस्तू एकच आहे, फक्त पेचकसाला चार्जिंग लागत नाही.

आता आवाजाबद्दल. म्हणजे जो तुम्हाला येत नाही त्याबद्दल. माझ्या डोक्यात एक बारीक शिट्टी आहे, कुकर व्हायच्या आधी सुरू होते तशी. ती कधी होऊन जात नाही. पहिल्या वर्षी मी रात्री उठून ट्यूबलाइटचा चोक शोधायचो. एका रात्री घराचा मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं आणि शिट्टी दुप्पट झाली. म्हणतात की जे सूर कानाकडून येत नाहीत ते शोधायला मेंदू आपला आवाज वाढवून बसतो, आणि ऐकू येते ती त्याचीच करकर. तपासणीच्या बंद खोलीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. मी दाबत होतो. ती मुलगी काचेपलीकडून हात हलवत होती : आवाज दिलाच नव्हता. औषध नाही. मागे हलका आवाज चालू असला की शिट्टी त्यात मिसळते, एवढंच. म्हणून पट्ट्यात कधी कधी नुसता पावसाचा आवाज लावलेला असतो. तेवढीच माझी गाणी.

हे सगळं शांतपणे सांगता येतं. पुढचं तसं येत नाही.

गेल्या माघात अमळनेरचे मामा गेले. तापीचा पूल ओलांडला की तास-दीड तासाचं अंतर, पण अंत्ययात्रेला पोचलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर दारावर गेलो. बायका आत. बाहेर ओट्यासमोर सतरंजी, पुरुष भिंतीला टेकून. अशा बैठकीत लोक हळू बोलतात, मान खाली घालून बोलतात, मधेच थांबतात. माझ्यासारख्याला यापेक्षा वाईट जागा नाही. ओठही दिसत नाहीत. म्हणून मी पट्टा घालून गेलो होतो. फोन खिशात, माइक वर. मामा शेवटी काय बोलले, दवाखान्यात काय झालं, हे मला ऐकायचं होतं. त्यांनीच मला जिनिंगमधून काढून वस्तादांकडे नेलं होतं. लोक गाणी गाणी म्हणतात, मी त्या दिवशी माणसं ऐकायला पट्टा घातला होता.

खिशात कापड घासल्याची खरखर फार येत होती. शेजारच्या घरून चहा आला, पेले फिरले. थोड्या वेळानं थोरला मामेभाऊ माझ्यापाशी उकिडवा बसला. खांद्यावर हात ठेवला आणि खाली बघून काहीतरी म्हणाला. शेवटी "भाऊ" एवढं आलं. चहा नुकताच झालेला, हात खांद्यावर, म्हणजे चहाचं विचारत असणार. मी म्हणालो, "व्हई ग्या ना. मस्त व्हता."

आणि हसलो. ऐकू न येणारा माणूस प्रत्येक वाक्यानंतर हसतो तसं.

त्यानं हात काढला. समोरच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, मग सतरंजीकडे. मला वाटलं, दुःखाचं घर आहे.

बायकोनं सांगितलं ते अमळनेरच्या बसस्टँडवर. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगितलं, म्हणजे अख्ख्या फलाटानं ऐकलं. तो म्हणाला होता, "आजना दिन तरी गाना बंद ठेव, भाऊ."

चोपड्याची बस लागली होती. मी चढलो, खिडकीशी बसलो आणि पट्टा काढून पिशवीत टाकला. पूल येईपर्यंत शिट्टी इतकी वाढली की इंजिनाच्या वर येत होती.

तेव्हाच परत जाऊन सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बायकोही म्हणाली. काय सांगणार? की मला ऐकू येत नाही? ते सगळ्यांना माहीत आहे. मी तिशीत असताना कोणी बहिरा म्हटलं की भांडायचो. दुकानात लेथ चालू आहे म्हणून ऐकू येत नाही असं सांगायचो, आणि लेथ त्या वेळी बंद असायची. तो तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, बघ, पट्टा घालून मिरवलंस, काय मिळालं? मी लपवत होतो तेव्हा कोणी गाणी ऐकतो असं तरी म्हणत नव्हतं. त्याचं सगळंच चूक नाही. पण त्याला हेही माहीत आहे की लेथच्या नावाखाली त्यानं तीन गिऱ्हाइकांच्या मोटारी भलत्याच गेजच्या तारेनं भरल्या होत्या. मग तो गप्प बसतो. मी पण.

सरकारी कागदावर मी कशातच बसत नाही. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात दोन्ही कानांत साठ डेसिबल गेले तर कमी ऐकू येणारा आणि सत्तर गेले तर बहिरा. माझा डावा कान साठाच्या बराच अलीकडे आहे. दाखला नाही, कार्ड नाही. गावात भैरा, सरकारात धडधाकट, आणि अमळनेरला मामाच्या दारात गाणी ऐकणारा.

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीला, पट्टा न घालता गेलो. कोणी काही म्हणालं नाही. म्हणालं असलं तरी मला कळलं नाही. सगळ्यांना मान हलवली. निघताना मामींनी दारात थांबवून काही विचारलं, डोळे भरलेले होते, तिथेही मान हलवली. आठ दिवसांनी एसटीच्या पार्सलनं एक खोका आला. आत मामांचा रेडिओ, जाड दोरीनं बांधलेला, सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवलेले. "तुला हवाय का?" हे मामींनी विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

खोका उघडल्यावर पोरगा जे हसला, ते मी बराच वेळ बघत होतो. मलाही हसू आलं, पण नंतर.

रेडिओ चालू आहे. मामा त्यावर आकाशवाणी जळगाव लावायचे. मी रात्री काटा दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवतो, तिथे नुसती खरखर असते. आवाज शिट्टीच्या थोडा खाली. वर केला तर झोप जाते, अगदी कमी केला तर शिट्टी जिंकते. उशीच्या बाजूला रेडिओ पालथा ठेवला की लाकडी पलंगातून तो हाडापर्यंत येतो. पट्ट्यापेक्षा बरा. बायकोला त्याचा त्रास होतो, ती आता दुसऱ्या खोलीत झोपते. याबद्दल आमचं नीट बोलणं झालेलं नाही.

मामेभावाला मी अजून सांगितलेलं नाही की त्या दिवशी पट्ट्यात काय चालू होतं. पोळ्याला फोन झाला, कापसाच्या भावाबद्दल बोललो. त्याचा आवाज पट्ट्यातून चांगला येतो, जाड आहे. फोनवर सांगता आलं असतं. त्यानं विचारलं, दुकान कसं चाललंय, मी म्हटलं, मस्त. तो शब्द तोंडातून गेला आणि दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. की लाइनच तुटली होती, सांगता येत नाही.

माघात वर्षश्राद्ध आहे. बायको म्हणते, पट्टा घालूनच चला आणि बसल्या बसल्या सगळ्यांना सांगून टाका. मी म्हणतो, श्राद्धात माझ्या कानाचं काय भाषण करायचं? ती त्यावर काहीतरी म्हणाली. तोंड पलीकडे होतं.