दुकानदार मारते का?

आमच्या कापूस प्रोजेक्टवर बाहेरचे पाहुणे आले की दुभाषी मीच असतो, पण यावेळी ऑफिसनं पुण्याचा नवा पोरगा पाठवला, अमेरिकन सिरीयल पाहून फाडफाड इंग्रजी बोलणारा, अन् मला चहा-हजेरीवर बसवलं. घाटंजी तालुक्यातलं गाव, पारावर शेतकरी, समोर इंग्लंडच्या मॅडम. विषय चोर बीटीचा, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या कापसाच्या बियाण्याचा. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, निंदणाचा खर्च वाचते, सरकारची मंजुरी नाही तरी बियाणं गावोगाव पोचतेच.

मॅडमनं विचारलं, दुकानदार तुम्हाला हे पाकीट ‘फ्लॉग’ करतो का? पोरानं बिनधास्त ठोकून दिलं, “दुकानदार तुम्हाला मारतो का?” एक काका लगेच म्हणे, “मारते नं भाऊ, दरसाली मारते, पावतीबी देत नाही!” सगळे हसले. पोरानं तिकडं सांगितलं, हो, दरवर्षी मारहाण होते, पावती मिळत नाही. फॉर्ममध्ये जबरदस्ती-मारहाणीचा रकाना असतो, मॅडम तो भरायला लागल्या, अन् ते पान वर गेलं की चौकशी लागते, म्हणून मी केटली ठेवून उठलो.

फ्लॉग म्हणजे चाबकानं फोडणे, पोराला तेवढंच माहीत. इंग्लंडात बोलताना त्याचा अर्थ विकणे, तेही सरळ नाही, आपलं गळ्यात मारणे. हा अर्थ आला फौजेतून, सरकारी सामान चोरून विकणे म्हणजे फ्लॉग, चोर बीटीला एकदम फिट. अमेरिकेत तो फारसा चालत नाही, मग सिरीयलवाल्याला कुठून कळणार! ओळखायची खूण सोपी आहे. ‘फ्लॉग हिम’ म्हटलं, नुसता माणूस आला, तर फटके. ‘फ्लॉग यू अ पॅकेट’, माणूस अन् वस्तू दोन्ही आले, तर विक्री. अन् ‘फ्लॉग टू डेथ’ म्हणजे विषय चघळून चोथा करणे, ते तर आमच्या ऑफिसच्या मीटिंगला रोजच होते.

मॅडमनं हसून रकाना खोडला, साध्या ‘सेल’ शब्दानं परत विचारलं, मी चोख मराठीत सांगितलं, हे बियाणं तुम्हाला कोण विकते? तर कोणी तोंडच उघडेना. मघाचे काका पण चप्पल शोधायला लागले. आता दुकानदाराकडे खतबियाण्याची उधारी असताना पाहुण्यांसमोर नाव कोण घेईल?

शेवटी बियाणं कोण विकते त्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ गेलं. काकांचं पहिलं उत्तर मला अजून पटते, पण फॉर्ममध्ये त्याला जागाच नाही.