तेल सोडलेला कॅमेरा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारादिवशी माझ्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा पावसापासून आडोसा शोधणारी माणसेच अधिक येतात. जुलैतल्या अशाच एका शुक्रवारी पेडण्याकडचे एक निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, छत्री झटकत आत आले आणि एकात एक घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्यांतून त्यांनी आपला कॅनन एई-१ बाहेर काढला. १९७६ साली बाजारात आलेले हे मॉडेल त्यांनी बोटीवर असताना एका जपानी बंदरात घेतले होते.

"बटण दाबलं की कुईं करायचा. म्हणून जरा तेल सोडलं," ते म्हणाले. "बोटीवर जन्मभर तेच केलं."

"काका, किती सोडलंत?"

त्यांनी खिशातून गंज सुटण्यासाठी वापरतात तो स्प्रेचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. तो जवळजवळ रिकामा होता.

इतक्या वर्षांच्या यंत्रात लेन्समागचा आरसा हलवणाऱ्या दांड्यांचे वंगण सुकणारच आणि ते सुकले की आवाज येणार, हे त्यांचे निदान अगदी बरोबर होते. पण ते तेल जिथे हवे तिथे जाण्याऐवजी आरशावर, त्याच्या वरच्या, चित्र दिसते त्या मॅट काचेवर आणि मागे फिल्मसमोर उघडझाप करणाऱ्या कापडी पडद्यावर उडाले होते. त्यात आरसा थांबतो तिथला फोम वयाने विरघळून डांबरासारखा झालेला, आणि तेलाने तो आणखी पसरलेला.

मी पहिल्यांदा पंखा बंद केला. बॅटरी काढली आणि मागचे दार उघडून कॅमेरा असा धरला, की सुटलेला कण आत न पडता खाली टेबलावर पडावा. दाराच्या खाचांतला फोमही चिकट झाला होता. तो काढताना एक तुकडा जरी पडद्यावर पडला तरी पुढे पडदा अडकतो. म्हणून फिल्म ज्या उंच पट्ट्यांवरून सरकते त्यांवर मी जाड कागदाचा तुकडा टेकवतो. कागद पट्ट्यांवर राहतो आणि पडद्याला शिवत नाही. मग बांबूची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची, कपड्याला टिपून जेमतेम ओली ठेवायची आणि काळा चिकटा खाचेच्या लांबीने ओढत काढायचा. या एका कामाला दीड तास लागला. धातूची सुई वापरली असती तर अर्ध्या तासात झाले असते, आणि खाचेतला काळा रंगही सोबत गेला असता.

फिल्मच्या पट्ट्यांवर लाल मातीचे दोन कण होते. असा एक कण राहिला तर रोलच्या पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत एक सरळ ओरखडा उमटतो, म्हणून तिथे मी भिंगाने दोनदा पाहिले.

आरसा हे खरे संकट होते. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, कॅमेऱ्याचा पुढच्या पृष्ठावर असतो आणि तो नखाच्या स्पर्शानेही जातो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका आरशावरून रुमाल फिरवला होता. त्या रेघा त्या गिऱ्हाइकाने माझ्यापेक्षा आधी पाहिल्या. आता मी आधी रबरी फुग्याने हवा मारतो, मग लेन्स टिश्यू त्यावर टाकून एक थेंब सोडतो आणि दाब न देता टिश्यू अलगद ओढतो. हवेचा डबा मी वापरत नाही, कारण त्यातून थंड द्रव उडतो आणि पडदा तो झोत सोसत नाही. तेल उतरायला अकरा टिश्यू लागले.

मॅट काच मात्र मी तशीच ठेवली. ती प्लास्टिकची असल्याने अल्कोहोल लागताच धुरकट होण्याची भीती असते, आणि तिच्यावरचा डाग नजरेला दिसला तरी फिल्मवर उतरत नाही. काकांना ते पटायला वेळ लागला. "मग साफ केलं काय?" असे त्यांनी दोनदा विचारले. पडद्यालाही मी हात लावला नाही. रबर लावलेल्या रेशमी कापडावर द्रावक लावले की सुरकुत्या किंवा तडे जातात. कोरड्या टिपकागदाचा कोपरा तेलाच्या ओल्या कडेला टेकवून जेवढे शोषले गेले तेवढ्यावर मी थांबलो.

नवा फोम कापून बसवला, ६ व्होल्टची नवी बॅटरी घातली आणि सेकंदाच्या १/६० वेगाने पडदा तीसेक वेळा सोडून पाहिला. तो चालला. आवाज मात्र अजून होता. त्यासाठी यंत्र वेगळे खोलून त्या दांड्यांवर सुईच्या टोकाइतके तेल द्यावे लागेल, पडद्यावरचे उरलेले तेल आणखी सुकल्यावरच ते करावे, असे मी त्यांना सांगितले. तोवर पावसाळाभर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि कातडी केसमध्ये अजिबात ठेवायचा नाही, कारण त्या दमटपणात बुरशी धरते.

काकांनी पैसे दिले, तीन पिशव्या पुन्हा कॅमेऱ्यावर चढवल्या आणि स्प्रेचा डबा माझ्याकडे सरकवला. "हा तूच ठेव. माझ्या हाताला खाज सुटते."

दुकानाचे शटर त्या पावसात गंजून अर्ध्यावर अडकत होते. त्या डब्यात जे काही उरले होते, ते संध्याकाळी मी त्याच्या खाचांत सोडले आणि शटर सरळ खाली आले.