बीन-टू-कप की पॉड? घरचं कॉफी मशीन निवडतानाचा माझा अनुभव

घरात कॉफी पिणारे आम्ही तिघं: बाबा, नवरा आणि मी. बाबांना पहाटे पाचला पहिला कप लागतो. नवऱ्याचे आणि माझे दिवसभरात दोन-दोन होतात, आणि रात्री जेवणानंतर बाबा एक डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, घेतात. रोजचे सहा कप. एवढा साधा हिशेब मी मांडला तो दोन महिने मशीन्सची नुसती बटणं, स्क्रीन आणि पेयांच्या याद्या पाहून डोकं भणाणल्यावर. मग ठरवलं, वाचणं बंद करायचं आणि दोन्ही प्रकार घरात वापरून बघायचे: एका कपापुरती पूड भरलेल्या बंद डबीवर, म्हणजे पॉड किंवा कॅप्सूलवर, चालणारं पॉड मशीन, आणि दर कपाला बिया स्वतः दळून कॉफी करणारं बीन-टू-कप.

पॉडचं मशीन बहिणीकडून दोन आठवड्यांसाठी आणलं. खरं सांगायचं तर त्याने मला पहिल्याच दिवशी जिंकलं. बटण दाबल्यावर अर्ध्या-एक मिनिटात तापतं, कप भरतो, आणि सोमवारची चव शुक्रवारी तशीच. दळून ठेवलेली कॉफी शिळी होते हे मला ठाऊक होतं, म्हणून कॅप्सूलबद्दल मनात अढी होती. पण ॲल्युमिनियमच्या बंद कॅप्सूलमध्ये हवा शिरत नाही, त्यामुळे आतली पूड महिनोन्महिने टिकते. तक्रार करावी अशी ती कॉफी नव्हती.

अडचण आली ती बाबांची. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. त्या मशीनचा दांडा खाली दाबला की कॅप्सूलला भोकं पडतात, आणि त्याला बऱ्यापैकी जोर लागतो. तिसऱ्या दिवशी पहाटे ते स्वयंपाकघरात दांड्यावर दोन्ही तळवे ठेवून उभे दिसले. मला हाक मारली नव्हती त्यांनी. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. (दांडा स्वतः बंद होणारी पॉड मशीन्सही असतात, पण बहिणीचं तसं नव्हतं.)

दुसरी गोष्ट प्रमाणाची. त्या छोट्या कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅम कॉफी असते. एस्प्रेसोला, म्हणजे छोट्या कपातल्या कडक कॉफीला, ती पुरते, पण माझ्या मोठ्या, दुधाच्या कपात विरून जाते, म्हणून मी दोन वापरू लागले. सहा कपांना सात-आठ कॅप्सूल, म्हणजे महिन्याला दोनशेच्या पुढे. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर होतो, पण आतला ओला चोथा धरून ती वेगळी साठवायची आणि जिथे घेतात तिथे नेऊन द्यायची. पंधरा दिवसांत पिशवी भरली.

शिवाय आकाराचं बंधन. नेस्ले कंपनीतल्या एरिक फाव्र या स्विस अभियंत्याच्या कल्पनेतून १९८६ साली नेस्प्रेसो हा कॅप्सूल कॉफीचा ब्रँड सुरू झाला. त्या मूळ आकाराच्या कॅप्सूल आता इतर कंपन्याही बनवतात, त्यामुळे निवड भरपूर आहे. पण पॉडचे प्रकार अनेक, आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही. काही मशीन्स तर कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून पाणी सोडतात. म्हणजे मशीन घेताना पुढची कित्येक वर्षं कॉफी कोणाकडून घ्यायची हेही बरंचसं ठरून जातं.

मग मैत्रिणीचं बीन-टू-कप आलं. पहिला कप आंबट आणि पाणचट. बिया चांगल्या होत्या, दळण जाड होतं. जाड दळणातून पाणी भरकन निघून जातं आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक असेल तर पाणी अडतं आणि कडवटपणा उतरतो. दळण बारीक करायचा खटका ग्राइंडर चालू असतानाच फिरवायचा, नाहीतर दात्यांत अडकलेल्या बियांमुळे यंत्रणेवर ताण येतो. आणि जुनी पूड आत उरलेली असते, म्हणून फरक कळायला दोन-तीन कप जावे लागतात. मी एकेक टप्पा बदलत गेले. चौथ्या दिवशी दुपारी जो कप निघाला, त्याचा वास बाहेरच्या खोलीत बसलेल्या नवऱ्यापर्यंत गेला. ताज्या दळणाचा हा वास पॉडमधून मला एकदाही आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाच दिवस परगावी गेलो. परत येऊन चोथ्याचा डबा ओढला तर पांढरी बुरशी. हादरून मशीनचं दार उघडलं, ब्रू युनिट (पूड दाबून त्यातून गरम पाणी सोडणारा भाग) बाहेर काढलं, तर त्यावरही ओल्या कॉफीचा थर. नुसत्या कोमट पाण्याने धुतलं (साबणाने त्यावरचं वंगण जातं), रात्रभर वाळवलं, आणि निवडीची पहिली अट त्याच रात्री ठरली: ब्रू युनिट हाताने बाहेर काढून धुता आलंच पाहिजे. काही मशीन्समध्ये ते आतच बसवलेलं असतं आणि गोळ्या टाकून सफाई करावी लागते. माझा जीव त्यात रमला नसता. वारंवार घर बंद ठेवणाऱ्याला मी आजही पॉडच घ्यायला सांगेन.

दुधाची आपोआप फेस करणारी नळी मुद्दाम टाळली. ती रोज धुवावी लागते, आणि रोज कोण धुणार हे आम्हाला पक्कं माहीत होतं. साधी वाफेची नळी पुसली की झालं.

राहिला पहाटेचा आवाज. ग्राइंडर पाच वाजता घर जागं करतो. यावर तोडगा निघाला तो मशीनच्या वरच्या छोट्या झाकणात. बऱ्याच बीन-टू-कप मशीन्सना दळलेली पूड टाकायला वेगळी वाट असते. रात्री बाबांचं डिकॅफ त्यातूनच होतं, बियांचा डबा रिकामा न करता. पहाटेसाठी मी आदल्या संध्याकाळी एका मापाची पूड घट्ट डबीत ठेवते. चव थोडी उतरते, हे बाबांनीच सांगितलं, पण त्यांना चालतं.

शेवटी घेतलं ते बीन-टू-कप. दर रविवारी ब्रू युनिट धुते, परगावी जाताना चोथ्याचा डबा रिकामा करून उघडा ठेवते, आणि मशीनने सांगितलं की क्षार काढते. तेलकट, काळपट भाजलेल्या बिया ग्राइंडरला चिकटतात, म्हणून मध्यम भाजणीच्या आणते. पहाटे पाचला आता नळाचा, चमच्याचा आणि एका बटणाचा आवाज येतो. बाबा ते एका बोटाने दाबतात.