बॅटरी गेली नव्हती

"झाकण लावलं की तो झोपतो ना? मग बॅगेत एवढा तापतो कसा?"

शेजारच्या काकींनी दारातच लॅपटॉप माझ्या हातात दिला. म्हापशाहून पेडण्याला बसने येईपर्यंत आतला पंखा घुरघुरत होता, चार्जिंग संपत आलेलं. दुकानात तो न उघडताच सांगितलं होतं, "बॅटरी गेली, बदला."

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक' दिलं, की लॅपटॉपला शेवटचं कोणी उठवलं ते विंडोज सांगतं. कधीकधी उत्तर रिकामंच येतं. इथे मात्र यूएसबीचं नाव आलं. बघतो तर कडेला वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर, आणि माउस त्याच बॅगेत, चालू! गतिरोधक आला की माउस हलणार, लॅपटॉप जागा होणार.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये गेलो आणि संगणक जागा करण्याच्या परवानगीची खूण काढली. झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवलं. स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, थोडी वीज लागतच राहते. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहून यंत्र बंद होतं. उघडायला जरा वेळ लागतो, पण प्रवासात तेच बरं.

काकी शाळेत शिकवतात. नव्या बॅटरीचे पैसे त्यांनी बाजूला काढूनही ठेवले होते, याचाच मला राग येतो. "बॅगेत तापतो" हे त्यांनी दुकानातही सांगितलं होतं. अख्खं निदान त्या दोन शब्दांत होतं!

तुमच्याकडे दुरुस्तीवाले आधी ऐकून घेतात का?