दंडातली बेडकुळी

रजेच्या अर्जासोबतच्या दाखल्यावर 'मायाल्जिया' असं लिहिलेलं असलं की साहेब मुकाट्याने सही करतात. 'अंग दुखतंय' एवढंच सांगून रजा मागून बघा! खरं तर दोन्हींचा अर्थ एकच. ग्रीकमध्ये 'मूस' म्हणजे स्नायू आणि 'अल्गोस' म्हणजे दुखणं. हाच 'मूस' म्हणजे उंदीरही, आपल्या संस्कृत मूषकाचा लांबचा भाऊबंद. रोमन लोकांनी तर स्नायूचं नावच 'मुस्क्युलुस', म्हणजे पिटुकला उंदीर, असं ठेवलं. इंग्रजी 'मसल' त्यातूनच आला. कातडीखाली काहीतरी तुरुतुरु पळतंय असं त्यांना वाटलं असणार. आपल्याकडच्या पोरांना मात्र दंड फुगवला की तिथे बेडूक दिसला, म्हणून ती बेडकुळी. मला विचाराल तर आपली पोरं जास्त बरोबर आहेत. दंडातलं ते टुणकन वर येणं उंदराला कुठलं जमायला!

'स्नायू' हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी 500 आणि स्नायू 900 असे वेगवेगळे मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गोळे, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. पुढे मराठी जीवशास्त्राने 'पेशी' हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या 'सेल'ला देऊन टाकला आणि मांसाच्या वाट्याला स्नायू आला. हिंदीत मांसपेशी अजून जागेवर आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांचे काय हाल होत असतील!

धनुर्वाताच्या बाबतीत मात्र आपण ग्रीकांवर मात केली. 'टिटॅनस'च्या मुळाशी नुसतं ताणणं आहे. जंतूच्या विषाने पाठीचे स्नायू आवळले जाऊन रोग्याची कमान होते, ती दिसते 'धनुर्वात' या शब्दात. 1895 साली फ्रीडरिश योली या जर्मन डॉक्टरांनी रूढ केलेलं 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' हे आजाराचं नाव अर्धं ग्रीक, अर्धं लॅटिन. अर्थ काय, तर स्नायूंचा गंभीर अशक्तपणा.

घरगुती दुखण्यांना असली बारशी लागत नाहीत. मान धरते, पोटरीत गोळा येतो, पायाला वांब येतात, पाठीत उसण भरते. दुखणं बाहेरून येऊन आत ठाण मांडून बसल्यासारखी ही क्रियापदं. मग त्याला हाकलायलाही कुणीतरी लागणारच. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत. असा एखादा पायाळू गावात असला की त्याचा भाव वधारायचा, आणि फी काय, तर एक कप चहा!