डाग थंडीतच का वाढतो?

गंगापूर रोडच्या बाजूची आमची इमारत १९९१ साली बांधून पूर्ण झाली. तीन मजले, बारा सदनिका आणि खाली कॉलमांवर उभे पार्किंग, अशा इमारती त्या काळात नाशिकमध्ये सर्वत्र उभ्या राहत होत्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या वयाच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचे असते. आमच्याकडे ते गेल्या वर्षापर्यंत एकदाही झालेले नव्हते. सचिवपद माझ्याकडे आल्यावर जुन्या फायली चाळताना लक्षात आले की रंगकाम, गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांवर आम्ही दर दोन-तीन वर्षांनी खर्च करत आलो होतो, पण इमारतीला नेमके काय झाले आहे हे पाहण्यासाठी जाणत्या माणसाला कधी बोलावलेच नव्हते.

या खर्चातला मोठा वाटा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतापायी झालेला होता. त्यांच्या झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या बरोबर वर परातीएवढा ओलीचा डाग होता, त्याच्या कडेला रंगाचे पोपडे सुटत आणि पांढरा क्षार फुलून येई. त्यासाठी लागोपाठ तीन उन्हाळे गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा नवा थर चढवला गेला. प्रत्येक ठेकेदाराने आधीच्याचे काम कच्चे होते असे सांगितले आणि प्रत्येक वेळी डाग पुन्हा उमटला.

दिवाळीनंतर ऑडिटसाठी इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी पिशवीतून कोणतेही यंत्र काढण्याआधी खोलीच्या मध्यभागी उभे राहून बराच वेळ छताकडे पाहिले आणि मग विचारले, “काकू, हा डाग कोणत्या महिन्यात वाढतो?”

काकू म्हणाल्या, “अहो, तेच तर मी कधीची सांगतेय. पावसाळ्यात सुकल्यासारखा होतो आणि थंडी पडली की परत ओला होतो.”

काकूंनी हे आमच्या बैठकीतही सांगितले होते आणि इतिवृत्तात मात्र ‘छताला गळती’ एवढेच नोंदले गेले होते. छत गळते म्हणजे पावसाचे पाणी, हे आम्ही इतके गृहीत धरले होते की त्यांच्या वाक्यातला महत्त्वाचा भाग आमच्यापैकी कोणीच ऐकला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मॅडम गच्चीवर गेल्या. वरच्या मजल्यावरच्या चार घरांसाठी २००१ मध्ये बसवलेला सौर वॉटर हीटर काकूंच्या खोलीच्या वरच होता. पावसाळ्यात ऊन नसते म्हणून आम्ही त्याचा व्हॉल्व्ह जूनमध्ये बंद करतो आणि ऑक्टोबरमध्ये उघडतो. नाशिकची थंडी अंगात भरू लागली की सकाळी चारही घरांत त्याच पाण्याच्या बादल्या भरल्या जातात. हे ऐकल्यावर मॅडमनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिल्या आठवड्यात सौर हीटरचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि गच्चीच्या त्या भागात विटांची आळी घालून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचे. दुसऱ्या आठवड्यात गच्ची कोरडी ठेवायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. डागाच्या कडेने त्यांनी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि दोन टोकांच्या ओलावामापकाचे आकडे वहीत टिपून घेतले.

गच्चीवर पाणी तुंबलेले असताना डाग सुकत गेला. व्हॉल्व्ह उघडल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने पेन्सिलीची रेघ गाठली.

गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, हीटरच्या पायथ्याशी दोन फूट फोडल्यावर आत गाडलेला जीआय पाइपचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा, बेंड सापडला. त्यावरचा गंज हाताला लागताच खपल्यांनी सुटत होता आणि एका बाजूला सुई जाईल एवढे भोक होते. त्या भोकातून येणारे गरम पाणी कोब्याच्या विटांच्या तुकड्यांत मुरायचे आणि वाट मिळेल तिथून खाली उतरायचे. आम्ही दर वर्षी कोब्यावर दिलेला थर गळतीच्या वर होता, त्यामुळे त्याचा उपयोग होण्याची शक्यताच नव्हती. बेंड एवढा का गंजला, याचे कारणही मॅडमनी सांगितले. सौर पट्ट्यांच्या आतल्या नळ्या तांब्याच्या असतात. त्यांतून वाहणारे पाणी तांब्याचे सूक्ष्म अंश सोबत घेऊन पुढच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपात येते, ते अंश पाइपाच्या आत ठिकठिकाणी बसतात आणि तेवढ्याच जागी गंज खोल उतरतो. पाणी गरम असले की हे सगळे अधिक वेगाने होते. आता ती लाइन गरम पाण्यासाठीच्या सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाची केली आहे आणि ती कोब्यात न गाडता डोळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवली आहे.

या प्रकारानंतर पाणी तापवण्याची इमारतीतली सगळी साधने तपासून घ्यावीत असे मी कमिटीत सुचवले आणि एका अनुभवी मेकॅनिकला बोलावले. आमच्या टाकीत महापालिकेचे पाणी आणि बोअरचे जड पाणी एकत्र होते, त्यामुळे विजेच्या गिझरांची अवस्था वाईट असणार हे अपेक्षितच होते. माझ्याच घरच्या गिझरमधून त्यांनी मॅग्नेशियमची कांडी बाहेर काढली. आतल्या टाकीऐवजी स्वतः झिजायचे, हेच या कांडीचे काम असते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या कांडीच्या जागी आता उदबत्तीच्या काडीसारखी तार राहिली होती आणि तिच्यावर क्षाराचे खडे चिकटलेले होते. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. गिझर ‘हल्ली पाणी लवकर तापवत नाही’ अशी तक्रार आम्ही घरात वर्षभर करत होतो. वास्तविक २००० वॉटच्या हीटरने १५ लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढायला साधारण १८ ते २० मिनिटे लागावीत. आमच्याकडे अर्ध्या तासावर वेळ जात होता, आणि घड्याळाकडे पाहून ती तक्रार आम्ही कधी मोजली नव्हती.

मात्र त्या दिवशी मला खरोखर घाबरवले ते पहिल्या मजल्यावरच्या गॅस गिझरने. तिथे कॉलेजात शिकणारी तीन मुले भाड्याने राहतात. न्हाणीघर लहान, गिझर आतच भिंतीला टांगलेला, आणि थंडी आत येते म्हणून खिडकीच्या झडपांवर मुलांनी पुठ्ठा चिकटवलेला. मेकॅनिकने गिझर सुरू केला तेव्हा ज्योत निळी यायला हवी होती, ती पिवळी आली, आणि वरच्या झाकणावर काजळी होती. अशी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे याची खूण असते. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अंघोळ करताना डोके जड होते, असे त्यातला एक मुलगा सहज म्हणाला. मी तिथेच त्याला म्हटले, “बाळा, आजपासून हा गिझर लावायचा नाही.” घरमालकांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि चार दिवसांत तिथे विजेचा गिझर बसला. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असला पाहिजे आणि त्याचा धूर बाहेर जाण्याची सोय असली पाहिजे. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी तो आत असेल तर कृपया आजच बंद करावा.

माझे लहानपण रविवार कारंजाजवळच्या वाड्यात गेले. तिथे चौकात तांब्याचा बंब पेटायचा, धूर वर आकाशात जायचा, आणि बंब गळायला लागला की डाख देणारा बोलावला जायचा. दर वैशाखात आजोबा काठीच्या मुठीने घरातल्या सागवानी तुळया आणि खांब ठोकून पाहत, आवाज पोकळ आला की वाळवीचा संशय घेत. मॅडम पार्किंगमध्ये छोट्या हातोड्याने कॉलम ठोकत फिरू लागल्या तेव्हा मला आजोबांची फार आठवण झाली. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, आणि आतून सुटलेल्याचा भदभद येतो.

मागच्या बाजूच्या दोन कॉलमांना खालून तीन फूट उंचीपर्यंत टाइल लावलेल्या होत्या. तडे वाईट दिसतात म्हणून काही वर्षांपूर्वी कमिटीनेच त्या लावल्या होत्या. टाइल काढल्यावर सळईच्या रेषेत उभ्या भेगा दिसल्या. मॅडमनी काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला, आणि बाहेरचा सुमारे दीड इंचाचा थर होता तसा राखाडीच राहिला. नव्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो आणि त्या क्षारतेमुळेच सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जाऊन तो ९ च्या खाली आणतो, मग ओल पोहोचली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेत असल्यामुळे काँक्रीट आतूनच फाटते. आमच्याकडे सळई गुलाबी रंग सुरू होण्याच्या आधीच्या, म्हणजे क्षारता गेलेल्या राखाडी थरातच होती. ओलीचे कारणही शेजारीच होते. गच्चीचे पाणी खाली आणणारा पाइप जमिनीपासून फूटभर वर फुटलेला होता आणि चार महिने ते पाणी कॉलमाच्या पायाशीच पडत होते. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून केलेल्या चाचणीत त्यांचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट चांगले समजतात. या दोन कॉलमांमध्ये तो ३ पेक्षाही कमी भरला. बाकीचे कॉलम ठीक आहेत, हे ऐकून सर्वांचाच जीव भांड्यात पडला.

अहवाल सर्वसाधारण सभेत मी पूर्ण वाचून दाखवला. या वेळी रंगकाम पुढे ढकलले आहे. फुटका पाइप लगेच बदलला, आणि दोन कॉलमांना टेकू देऊन सुटे काँक्रीट काढणे, सळई स्वच्छ करणे आणि नवे वेष्टन घालणे हे काम मॅडमच्या देखरेखीखाली मार्चमध्ये सुरू होईल.

काकूंच्या छताला अजून रंग दिलेला नाही. परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती आणि सौर हीटर चालू होता. डाग पेन्सिलीच्या रेघेच्या चांगला चार बोटे आत आला होता आणि हात लावल्यावर कोरडा लागला. काकूंनी स्टुलावर चढून शेजारी नवी तारीख लिहायला मला लावले आणि म्हणाल्या, “होळीपर्यंत असाच राहू द्या, मग बघू.”